उडीच्या आधीच्या तीन ढांगा

मल्हारवर बसून मी पहिल्यांदा सलग तीन अडथळे ओलांडले, त्या दिवशी घरी आल्यावर मला चहाचा कप उजव्या हातात धरता येत नव्हता. करंगळी आणि अनामिका यांच्यामधून जिथे लगाम जातो, तिथली कातडी सोलवटून निघाली होती आणि खांदा रात्रभर ठणकत राहिला. पहिली उडी त्याने शांतपणे घेतली होती. ती उतरताच मात्र त्याने मान ताणून तोंडाचा सगळा भार माझ्या हातांवर टाकला आणि तो दुसऱ्या अडथळ्याकडे पळतच सुटला. दुसऱ्या आणि तिसऱ्या अडथळ्यांमधले ७२ फुटांचे अंतर पाच ढांगांत कापायचे असते, ते त्याने चारच ढांगांत कापले. तिसरी उडी कशी पार पडली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. खाली उतरून पाहिले तेव्हा त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात फेसाबरोबर रक्ताची एक बारीक रेघ होती.

मल्हार हा थरोब्रेड जातीचा, कुमैत रंगाचा, खच्ची केलेला घोडा. दोन हंगाम शर्यतीत पळून, तिथे फारसे काही न जिंकल्यामुळे, तो गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून ट्रकमधून नाशिकला आला. तेव्हा त्याला पाच वर्षे पूर्ण व्हायची होती. गंगापूर रस्त्याने पुढे गोवर्धनच्या शिवारात, द्राक्षबागांच्या कडेला आमचा छोटासा तबेला आहे. सहा घोडे, एक वाळूचे रिंगण आणि एक उघडे मैदान, एवढाच पसारा. नाशिकला घोडा नवा नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमुळे घोड्यावर बसलेली शाळकरी मुले पाहण्याची या शहराला सवय आहे, आणि पंचवटीत टांगे पळत होते त्या काळाची आठवण असलेली माणसेही अजून आहेत. आमच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे साईसकाका त्यांपैकीच एक. त्यांचे तरुणपण टांग्यावर गेले.

रक्ताची ती रेघ पाहूनही माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की, या घोड्याला अधिक कडक बिट हवे. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे. घोड्याच्या तोंडात राहणाऱ्या लोखंडाला जुन्या मराठीत कडियाळे म्हणत. आता मैदानावर सगळे बिटच म्हणतात. मल्हारच्या तोंडात तेव्हा साधे एका सांध्याचे स्नॅफल होते, म्हणजे लगामाची ओढ तरफेशिवाय थेट तोंडावर पोचवणारे बिट. ज्यांना ज्यांना विचारले, त्या प्रत्येकाने त्याहून जोरकस असे काहीतरी सुचवले. एका अनुभवी स्वाराने स्वतःच्या पेटीतून तीन कड्यांचे बिट काढून दिले आणि दोन दिवसांत फरक दिसेल, असे सांगितले.

फरक दोन दिवसांत नव्हे, पहिल्याच दिवशी दिसला. या बिटला दोन्ही बाजूंना एकाखाली एक कड्या असतात आणि लगाम जितक्या खालच्या कडीला लावावा तितका तरफेचा जोर वाढतो. लगाम ओढला की तोंडातली दांडी वर सरकते आणि त्याच वेळी कानांमागून जाणारा पट्टा खाली दाबला जातो, म्हणजे घोडा वरून आणि खालून अशा दोन्ही दाबांत सापडतो. मल्हार त्या दिवशी माझ्या दोन बोटांवर थांबत होता आणि मी फार आनंदात घरी गेले. आठवड्याभरात मात्र त्याची पाठ खोलगट होऊ लागली. मागच्या पायांनी तो अडथळ्याची वरची आडवी बल्ली पाडू लागला, जे त्याने पूर्वी कधी केले नव्हते. दहाव्या दिवशी, जेमतेम अडीच फुटांच्या अडथळ्यासमोर, तो चारही पाय रोवून उभा राहिला आणि थरथरू लागला. उडीत घोड्याला मान लांब करावीच लागते, कारण तिच्याच आधाराने तो स्वतःचा तोल सांभाळतो. माझा हात हवेत जराही मागे राहिला की त्या बिटमुळे प्रत्येक उडीला त्याला शिक्षाच मिळत होती. पळणारा घोडा मी दहा दिवसांत उडीला भिणारा घोडा करून ठेवला होता.

त्या संध्याकाळी साईसकाकांनी ते बिट काढून बादलीत धुतले आणि तबेल्यातल्या बाजेवर माझ्यासमोर ठेवले. मग ते आत जाऊन एक जुनी लाकडी पेटी घेऊन आले. तिच्यात त्यांच्या टांग्याच्या दिवसांतली आणि सारंगखेड्याच्या यात्रेतून वेळोवेळी आणलेली कडियाळी होती. एक इतके झिजलेले होते की त्याची कड बोटाला कापत होती. एक काटेरी होते. त्याच्या दांडीवर छोट्या छोट्या टोकदार कड्या ओवलेल्या होत्या आणि त्या जिभेवर फिरत. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी अशा काटेरी कडियाळ्यांना बंदी आहे. काकांनी ते कधीच वापरले नव्हते. दुसऱ्या एका टांगेवाल्याकडून त्यांनी ते मागून घेतले होते, पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून. ते कडियाळे मी मनगटाच्या आतल्या बाजूवर टेकवून अगदी हलके दाबले आणि लगेच बाजूला ठेवले.

नंतर काकांनी मला डोळे मिटून बसायला सांगितले. माझे जुने स्नॅफल त्यांनी माझ्या दोन्ही मुठींत दिले आणि लगामाची दोन्ही टोके धरून ते मागे उभे राहिले. त्यांनी आधी दोन्ही लगाम एकसारखे, सलग ओढले. मी काही ठरवले नव्हते, तरी माझ्या मुठी आवळल्या गेल्या, कोपरे ताठ झाली आणि मी पुढच्या बाजूला ओढू लागले. मग त्यांनी ओढणे सोडले आणि एका बाजूचे बोट फक्त मिटून उघडले. तेवढ्याने माझा तो हात आपोआप सैल पडला. आम्ही हे बराच वेळ केले. शेवटी काका म्हणाले, “ताई, तुम्ही धरून ठेवता म्हणून त्याला टेकायला मिळतं. टेकायला मिळालं की तो पळणारच. त्याला तेच शिकवलंय.”

हे त्यांनी किती नेमके सांगितले होते, ते मला नंतर शर्यतीच्या घोड्यांबद्दल वाचताना आणि विचारताना कळत गेले. शर्यतीच्या घोड्याला लगामाचा ताण म्हणजे थांबण्याची खूण नसते. जॉकी लगाम आखूड करून धरतो तेव्हा घोडा त्या ताणावर टेकून आपली दौड बांधतो. मल्हारने दोन हंगाम हीच भाषा ऐकली होती, आणि अडथळ्यासमोर मी जिवाच्या आकांताने लगाम ओढत होते तेव्हा तो बंडखोरी करत नव्हता. त्याला समजलेल्या अर्थाने तो माझी आज्ञाच पाळत होता.

काकांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. माझा फोड उजव्या हातावर होता, रक्त उजव्या कोपऱ्यात होते आणि मल्हार रिंगणात मान नेहमी किंचित डावीकडे वळवून चालत असे. “डाव्या बाजूला काहीतरी आहे,” ते म्हणाले. “तो डावा लगाम घेतच नाही, म्हणून सगळं वजन उजव्यावर येतं.”

घोड्यांच्या दातांचे काम करणाऱ्या डॉक्टर पुण्याहून आल्या. गुंगीचे इंजेक्शन देऊन, जबडा उघडा ठेवणारी चौकट बसवून आणि कपाळावर दिवा लावून त्यांनी मल्हारचे तोंड तपासले आणि मलाही आत पाहायला लावले. घोड्याच्या पुढच्या दातांमध्ये आणि दाढांमध्ये एक मोकळी जागा असते. तिथे नुसती हिरडी असते आणि तिच्याखाली लगेच हाडाची पातळ कड. बिट तिथेच बसते. जगातले घोडेस्वारीचे सगळे शास्त्र त्या चार बोटांच्या जागेवर उभे आहे आणि मी ती जागा त्या दिवसापर्यंत कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. घोड्याचे दात आयुष्यभर, वर्षाला दोन ते तीन मिलिमीटर, हिरडीतून वर येत राहतात आणि चावण्याने झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड झिजत नाही, ती धारदार होते. मल्हारच्या डाव्या गालाच्या आत, त्या धारेसमोर, तुरीच्या दाण्याएवढा व्रण होता. आणि पहिल्या दाढेच्या पुढे, बिट जिथे सरकते नेमके तिथे, एक छोटासा तिरका दात होता. काही घोड्यांना येणाऱ्या या बिनकामाच्या दाताला लांडगादात म्हणतात. डॉक्टरांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो माझ्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान होता.

डॉक्टरांनी सहज बोलता बोलता सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. वयाच्या अडीच ते पाच वर्षांच्या काळात घोड्याचे २४ दुधाचे दात पडून त्यांच्या जागी पक्के दात येतात. म्हणजे ज्या काळात मल्हारच्या हिरड्या सुजत, फुटत आणि भरून येत होत्या, त्याच काळात त्याच्या तोंडात रोज लोखंड होते आणि त्या लोखंडावर टेकून पळायला तो शिकत होता.

जखम भरेपर्यंत तीन आठवडे तोंडात काहीही घालायचे नव्हते. हे तीन आठवडे मला त्या सगळ्या वर्षातले सर्वांत मोलाचे वाटतात. मी त्याच्यावर बसलेच नाही. मोहरकीला लांब दोरी बांधून त्याला वर्तुळात फिरवायचे, आधी जमिनीवरच्या बल्ल्यांवरून आणि शेवटच्या आठवड्यात गुडघ्याएवढ्या एका अडथळ्यावरून न्यायचे, इतकेच काम होते. पहिल्या दिवशी तो तिथेही धावला. तिसऱ्या दिवशी, कितव्या तरी फेरीत, त्याने घाई सोडली, आणि तेव्हा मला काही दिसले. अडथळ्याआधीच्या तिसऱ्या ढांगेला त्याने डोके किंचित वर उचलले आणि कान टवकारले. दुसऱ्या ढांगेला आपणहून पाऊल आखूड केले. शेवटच्या ढांगेला मान खाली आणि पुढे सोडली आणि तो उडाला. अंतर त्याला कळत होते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे कपाळासमोरचे अगदी जवळचे त्याला दिसत नाही. अडथळा जवळ आला की तो नजरेआड होतो आणि शेवटच्या क्षणी घोडा आधी पाहिलेल्याच्या भरवशावर उडतो. त्यासाठी त्याला डोके हवे तसे हलवता यावे लागते. मी नेमकी त्या तीन ढांगांमध्ये त्याचे डोके आवळून धरत होते. त्याचा मार्ग, त्याचा तोल आणि त्याची नजर हे सगळे एकाच वेळी मी माझ्या मुठीत घेत होते, आणि वर त्याला अविचारी म्हणत होते.

फेदेरिको काप्रिल्ली (१८६८ ते १९०७) या इटालियन घोडदळातल्या अधिकाऱ्याने हेच पाहिले होते. त्याच्या आधीचे स्वार उडीत मागे रेलून लगामाला लोंबत. त्याने स्वाराला पुढे झुकवले आणि त्याचा हात घोड्याच्या तोंडामागोमाग जाऊ दिला. आज आपण सगळे उडीत पुढे झुकतो ते त्याच्यामुळे. मीही झुकत होते. पण हात मात्र तिथेच, खोगिराजवळ, अडकलेला होता.

अशा रीतीने, बिट निवडण्याची वेळ खऱ्या अर्थाने आली तेव्हा माझा प्रश्न बदललेला होता. याला थांबवेल असे काय घालू, हा प्रश्न मागे पडला होता. मला असे बिट हवे होते की जे त्याला टेकायला देणार नाही, माझ्या हाताची चूक दुप्पट करून त्याच्यापर्यंत पोचवणार नाही आणि वळायला सांगितल्यावर स्पष्ट कळेल. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली, कारण पळणाऱ्या घोड्याला सरळ रेषेत ओढून थांबवण्यापेक्षा वर्तुळावर वळवणे दोघांनाही सोपे जाते.

एका सांध्याचे स्नॅफल अडकित्त्यासारखे चालते. दोन्ही लगाम ओढले की मधला सांधा टाळूकडे उचलला जातो आणि दोन्ही बाजू खालचा जबडा चिमटतात. मधे बदामाएवढा गोळीदार तुकडा असलेले दोन सांध्यांचे स्नॅफल जिभेवर सपाट पसरते, म्हणून मी ते घेतले. जाड दांडी मऊ लागते, हा समज मात्र मला सोडावा लागला. दुकानदाराने फार मऊ म्हणून दिलेली १८ मिलिमीटरची पोकळ दांडी घातल्यावर मल्हारचे तोंड मिटतच नव्हते. त्याची जीभ मांसल आहे आणि टाळू खाली उतरलेली आहे. आत जागाच नाही. १४ मिलिमीटरची दांडी त्याने दोन दिवसांत स्वीकारली. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या नियमांत ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धाप्रकाराच्या, स्नॅफलसाठी किमान जाडी एवढीच आहे, त्यामुळे ती बारीक आणि म्हणून बोचरी असेल, ही भीतीही राहिली नाही. बाजूला गोल कड्यांऐवजी मी वर-खाली लांब दांड्या असलेला प्रकार घेतला. त्या दांड्या गालाला लागतात, त्यामुळे बिट तोंडातून आडवे सरकत नाही आणि डावा लगाम उघडला की उजव्या गालावर हलका दाब येऊन वळण्याची खूण पोचते. मल्हारला डाव्या लगामावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकवायचे होते, आणि त्या कामी या दांड्यांचा झालेला उपयोग मी रोज पाहिला. मापासाठी काकांनी त्याच्या तोंडात सुती दोरी आडवी धरली आणि दोन्ही ओठांशी गाठी मारल्या. धातूंविषयी लोक फार चर्चा करतात. मला त्यात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. नोजबँड, म्हणजे नाकाभोवतीचा पट्टा, नाकाच्या हाडावर दोन बोटे सहज जातील इतकाच आवळायचा, एवढे मात्र मी आता दुसऱ्यांच्या घोड्यांवरही तपासते.

खुराकातले धान्य कमी करून लसूणघास आणि मोकळे फिरणे वाढवले, खोगीर तपासून घेतले. मग पावसाळा आला. आमच्या मैदानाची काळी माती पावसात नालेला अशी धरते की घोडा नाल सोडून येतो, त्यामुळे चार महिने उड्या बंदच होत्या. वाळूच्या रिंगणात साडेचार फुटांवर मांडलेल्या बल्ल्यांवरून दुडकी, वर्तुळे, थांबणे आणि पुन्हा निघणे, असे कंटाळवाणे वाटणारे काम आम्ही केले आणि मी लगाम घेतल्यावर तो सोडायला शिकले. घेणे मला येत होते, सोडणे येत नव्हते. त्यासाठी काकांनी रिकिबीचा एक जुना पट्टा मल्हारच्या गळ्याभोवती बांधला. अडथळ्याआधी तीन ढांगा राहिल्या की मी तो पट्टा धरते, म्हणजे हात मागे येऊच शकत नाही. अडथळ्याच्या नऊ फूट आधी एक बल्ली जमिनीवर ठेवून आम्ही दुडकीतूनच उडीला जात असू. त्या बल्लीमुळे त्याला पाहण्याचे कारण मिळाले आणि मला काही न करण्याचा धीर.

दिवाळीनंतर एका छोट्या स्पर्धेत त्याला नेले. उघडे मैदान, ध्वनिक्षेपक, अनोळखी घोडे. दुसरी उडी उतरल्यावर त्याने पूर्वीसारखी मान ताणली आणि वेग घेतला. माझे हात आवळले गेले. क्षणभर सगळे जुने परत आले. मग मी डावा लगाम उघडला आणि तिसऱ्या अडथळ्याऐवजी त्याला मोठ्या वर्तुळावर नेले. दोन अडथळ्यांमध्ये आपलाच मार्ग असा ओलांडला की तो अडथळा नाकारल्यासारखा धरला जातो आणि चार दंडगुण बसतात. ते बसले. वर्तुळ संपता संपता तो माझ्या हातात परत आला आणि उरलेल्या उड्या त्याने स्वच्छ घेतल्या.

त्याच्या पेटीत एक दुसरे बिटही आहे, हे इथे सांगितले पाहिजे. हनुवटीखाली साखळी असलेले, दोन लगामांचे पेल्हाम. मोकळ्या माळावर इतर घोड्यांबरोबर दौडताना मी ते तीन वेळा वापरले आहे. वरचा लगाम हातात आणि खालचा सैल, केवळ अडचणीला म्हणून. मऊ बिटला सतत लोंबणाऱ्या हातापेक्षा जोरकस बिटचा क्षणभराचा स्पर्श आणि लगेच सुटका घोड्याला कमी त्रासाची असते, असे मला वाटते. पण ते बिट माझ्या हातांना आळशी करील, ही शंकाही मला आहे. उडीसाठी मी ते अजून घातलेले नाही. पुढे तो तीन-साडेतीन फुटांवर जाईल तेव्हा कदाचित पुन्हा विचार करावा लागेल.

आता मार्गशीर्ष लागला आहे. सकाळी सहाला गोदावरीवरून धुके वर येते, तिकडे निफाडचा पारा खाली उतरल्याच्या बातम्या येतात आणि मल्हारच्या नाकातून वाफा निघतात. थंडीत तो ताजातवाना असतो, शेपूट उंच धरून उड्या मारत बाहेर येतो. खुंटीवरचे बिट बर्फासारखे असते. मी ते आधी दोन्ही तळहातांत धरून ठेवते, कोमट होईपर्यंत, त्याला तीन-चार मिनिटे लागतात. काका शेजारी खरारा करत असतात. मल्हार माझ्या मुठीचा वास घेतो, मग मान खाली आणतो आणि मी अंगठा लावण्याआधीच तोंड उघडतो.